पत्रातला दुसरा परिच्छेद

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि त्या दिवसाचा शेवटचा तास मी दुसऱ्या कुठल्या विषयाला देत नसे. त्या तासाला सातवीच्या वर्गात वाद व्हायचा. विषय पोरांनीच आणायचा. शेळी बरी की म्हैस, गृहपाठ असावा की नसावा, असले विषय. नियम एकच होता. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते आपल्या तोंडानं नीट मांडायचं, त्याच्याकडं बघून ‘असंच ना?’ असं विचारायचं, आणि तो ‘व्हय’ म्हणाला तरच आपलं सुरू करायचं. तो ‘न्हाय’ म्हणाला की पुन्हा पहिल्यापासून. पोरं वैतागायची. एकदा म्हशीच्या बाजूच्या एका पोरीला शेळीचं म्हणणं चार वेळा मांडावं लागलं. पाचव्या वेळी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “सर, आता मलाच शेळी पटायली.” वर्ग हसला, मीही हसलो. मग तिला घंटा होईपर्यंत म्हशीबद्दल बोलू दिलं.

हा नियम मी कुठल्या पुस्तकातून उचललेला नव्हता. माझा स्वभाव तापट. बोलणाऱ्याचं अर्धं वाक्य झालं की माझं उत्तर तयार असतं, आणि ते बहुतेक वेळा टोचणारं असतं. घरात, स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं मी त्यामुळं माणसं दुखावली आहेत. निदान पोरांना तरी ही खोड लागू नये म्हणून तो तास होता. पोरांना शिकवलेलं आपल्याला लागू असतं, हे मात्र मी कधी मनावर घेतलं नाही.

निवृत्त झालो आणि गावी येऊन राहिलो. गाव जळकोटपासून फार लांब नाही. हायवेच्या अलीकडं गाव, पलीकडं माळावर वस्ती. वस्तीतली बहुतेक घरं मेंढरंवाल्यांची, काही चार-दोन एकरवाल्यांची. माघ सरायच्या आत त्यांच्या हापशातून नुसती हवा यायला लागते. मग तिथल्या बायका हायवे ओलांडून गावातल्या विहिरीवर येतात. रस्ता चौपदरी झाल्यापासून मधे दुभाजक आलाय. रिकामी घागर घेऊन एकदा आणि भरलेली घागर घेऊन एकदा, असा तो दोनदा चढावा लागतो. त्या वर्षी वस्तीसाठी एक बोअर मंजूर झाली. एकच. ती कुठं मारायची एवढंच गावानं ठरवायचं होतं.

पण आमच्या गावात तोवर ‘एवढंच’ असं काही उरलं नव्हतं. गावात दोन मंडळं होती. एक देवळाकडचं आणि एक आमचं. दोघांचे मोबाइलवर वेगळे ग्रुप, चहाची वेगळी हॉटेलं, दाढी करायचं दुकानसुद्धा वेगळं. गटारीचा उतार कुठल्या बाजूला काढायचा यावर एकदा दोन महिने वाद चालला. त्यात एका बाजूनं धर्म आणला आणि दुसऱ्या बाजूनं, म्हणजे आम्ही, प्रगती आणली. गटार अजून तुंबलेलीच आहे. आमच्या मंडळाचा म्होरक्या मी होतो. आसपासच्या शाळांतून मी नारळातून आग काढून दाखवायचो. शेंडीत औषध आधीच घालून ठेवायचं, दुसरं वरून सोडायचं, नारळ पेटला की पोरांना त्यामागचं रसायन समजावून सांगायचं. टाळ्या पडायच्या. मला टाळ्या आवडतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि वस्तीवर एक आबा होते. वय ऐंशीच्या जवळ, हातात काठी, खांद्यावर घोंगडं, आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. ते पाणाडे म्हणून ओळखले जायचे. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचं, आणि जिथं तो उभा राहील तिथं खाली पाणी आहे असं समजायचं. लांबलांबची माणसं त्यांना मोटारसायकलवर बसवून घेऊन जायची. आबा चहा घ्यायचे, कुणी टोपी-टॉवेल दिला तर घ्यायचे, आणि परत मेंढरांमागं. माझ्याशी ते आदरानं वागायचे. मी त्यांच्यापेक्षा लहान, तरी मला कायम ‘गुर्जी, तुमी’ असंच म्हणायचे. मीही ‘आबा, तुम्ही’ म्हणायचो. पण माझ्या भाषणांत त्यांचा नारळ नेहमी असायचा. नाव घ्यायचो नाही, गरजही नव्हती. सगळं गाव कुणाकडं बघून हसायचं हे मला दिसत होतं.

पौषातली जत्रा आटोपून देव नळदुर्गाहून अणदूरला परतून थोडेच दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. बोअर मंजूर झाल्याचं कळताच देवळाकडच्या मंडळानं आबांना हलगी लावून माळावर फिरवलं. ओढ्याच्या वळणाला, जुन्या करंजाखाली, नारळ उभा राहिला. त्याचा व्हिडिओ दुपारपर्यंत गावभर झाला. खाली लिहिलं होतं, ‘विज्ञानवाल्यांनी बघून घ्यावं.’ मी बघितलं, आणि त्या क्षणापासून ओढ्याचं वळण माझ्या दृष्टीनं पाण्याची जागा राहिलं नाही. ती विरोधकांची जागा झाली.

पुढच्या आठवड्यात सरकारी माणूस यंत्र घेऊन आला. तरुण होता, मोजकं बोलणारा. त्यानं जमिनीत सळया रोवल्या, तारा ताणल्या, वहीत आकडे लिहिले. मंडळाच्या वतीनं मी त्याच्यामागं छत्री धरून फिरत होतो. त्याला नारळाचं काही माहीत नव्हतं, मी सांगितलंही नाही. त्यानं दोन ठिकाणी दगडावर पांढरा रंग मारला. एक रस्त्यालगत आणि दुसरं ओढ्याच्या वळणाला, करंजापासून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या ठिकाणी तो थोडा रेंगाळला. बुटानं मुरूम उकरत त्यानं मला विचारलं, “इथं उन्हाळ्यात ओल राहते का हो?”

समोरच्या उतारावर आबांची मेंढरं चरत होती. आबा करंजाखाली बसलेले होते. मी हाक मारली असती तर ते उठून आले असते. मी म्हणालो, “कल्पना नाही.”

पंधरा-वीस दिवसांनी पत्र आलं. सरपंचांनी ते माझ्याकडं पाठवलं, कारण गावात सरकारी मराठी न अडखळता वाचणारा मीच. मी दुपारी ओसरीवर बसून ते वाचलं. पहिल्या परिच्छेदात रस्त्यालगतची जागा क्रमांक एक म्हणून दिली होती. दुसऱ्या परिच्छेदात ओढ्याची जागा होती. दोन्हीकडची मापं जवळपास सारखीच आली असल्याचं त्यात लिहिलं होतं. ओढ्याजवळ वरचा थर मुरमाचा असल्यानं यंत्रावरून खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून जागा नक्की करण्याआधी गावातल्या जुन्या माणसांना उन्हाळ्यातल्या ओलीबद्दल विचारावं, असंही लिहिलं होतं. सही, शिक्का.

मी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग पत्राची घडी घातली. त्या वेळी मनात काय आलं ते मला नीट आठवतं. लोक गोंधळतील, असं आलं. हे वाचलं तर तिकडचे म्हणतील, बघा, सरकारनंही नारळ मान्य केला. मग इतक्या वर्षांचं काम पाण्यात जाईल. मी स्वतःला असं समजावलं की मी खोटं काहीच बोलणार नाही, फक्त पहिली जागा पहिली म्हणून वाचणार. एवढी चलाखी मी कुणा विद्यार्थ्यात पकडली असती तर त्याला बाकावर उभा केला असता.

ग्रामसभा शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरली. एरवी खुर्च्या भरत नाहीत, त्या दिवशी माणसं कुंपणापर्यंत उभी होती. वस्तीवरच्या बायका एका कडेला बसल्या होत्या. त्यांत आबांची बायकोही होती. तिला सगळे मावशी म्हणतात. तिचा एक गुडघा वाकत नाही, म्हणून ती पाय लांब करून बसली होती. पंचायतीच्या सदस्यांमध्ये माझी ती म्हशीची बाजू घेणारी विद्यार्थिनी होती. ती लग्न होऊन आमच्याच गावची सून झाली आणि पुढं निवडून आली. अजून मला सरच म्हणते.

मी उभा राहिलो आणि पहिला परिच्छेद खणखणीत आवाजात वाचला. लगेच देवळाकडून आवाज उठला की देवानं दाखवलेली जागा सोडून रस्त्यावर बोअर कशापायी. आमच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं की गाव एकविसाव्या शतकात न्यायचं की नाही ते आत्ताच ठरू दे. पाण्याबद्दल तोवर कुणी एक शब्द बोललेलं नव्हतं. मग मागं हालचाल झाली आणि आबा काठी टेकत उभे राहिले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

“म्या काय म्हंतो,” ते म्हणाले, “माजी मेंढरं हाईत न्हवं, ती चैतात, ऊन तापलं की—”

“आबा,” मी मधेच म्हणालो, “आता गावाचं पाणी मेंढरांनी ठरवायचं का?”

शेडभर हशा पिकला. आमची माणसं तर हसलीच, देवळाकडचीही काही हसली, कारण त्यांनाही मेंढरं नको होती, नारळ पाहिजे होता. आबा थोडा वेळ तसेच उभे राहिले. त्यांना वाटलं असावं की हसून झाल्यावर कुणी ‘बोला’ म्हणेल. कुणी म्हणालं नाही. ते खाली बसले. तेवढ्यात ती सदस्य उठली आणि माझ्याकडं बघून साध्या आवाजात म्हणाली, “सर, आधी त्यांचं सांगा की.”

मला कळलं. पूर्ण कळलं. मी म्हणालो, “ही शाळा नाही, बाई. ही ग्रामसभा आहे.”

मग हात वर करून मोजणी झाली. मी समोर उभा राहून बघत होतो. लोक माझ्याकडं किंवा पत्राकडं बघत नव्हते, आपापल्या मंडळाच्या माणसाकडं बघून हात वर करत होते. वस्तीवरचेसुद्धा. ज्यांच्या घरात ते पाणी यायचं होतं त्यांच्यातही दोन तट पडले होते. मावशीनं हात कुठल्याच बाजूला वर केला नाही. रस्त्यालगतची जागा थोडक्या हातांनी जिंकली. ‘जिंकली’ हाच शब्द तेव्हा सगळ्यांनी वापरला.

बोअरची गाडी आली तेव्हा वस्ती रिकामी भांडी घेऊन बसली होती. भांडी म्हणजे घागरी, कळशा, तेलाचे डबे, काय असेल ते. पहिलं पाणी घरी न्यायचं असतं. दिवसभर गाडी घरघरत राहिली. राखाडी भुकटी उडत राहिली आणि बायकांच्या डोक्यावर, भांड्यांवर, रस्त्याकडेच्या बाभळींवर बसत राहिली. एकदा भुकटी जरा काळपट आली तेव्हा सगळे उठून उभे राहिले. मग ती पुन्हा कोरडी झाली. ऊन कलल्यावर गाडीवाल्यानं हातानं खूण केली की संपलं. बायकांनी घागरीतली भुकटी उलटी करून झटकली आणि घराकडं गेल्या. मला कुणी काही बोललं नाही.

दोन्ही मंडळं मात्र बोलली. देवळाकडच्यांनी कोप झाल्याचं सांगितलं. आमच्या ग्रुपवर कुणी म्हणालं पाऊसच कमी झाला, कुणी म्हणालं गाडीवाल्यानं मुद्दाम लवकर थांबवलं, त्यामागं कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी लिहिलं की आणखी खोल जायला पाहिजे होतं. त्याला तीसेक जणांनी अंगठे दिले. आपलं चुकलं असेल का, असं त्या दिवशी दोन्हीकडं एकानंही विचारलं नाही. पांढरा रंग मारलेल्या दुसऱ्या दगडाची तर कुणाला आठवणही नव्हती. मला होती.

होळी झाली, ऊन चढलं. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी नळदुर्गहून गाडीवर येत होतो. गावाजवळ दुभाजकावर कुणी बसलेलं दिसलं. मावशी होती. भरलेली घागर शेजारी ठेवलेली, पाय समोर पसरलेला, दोन्ही बाजूंनी ट्रक जाताहेत आणि ट्रकच्या वाऱ्यानं तिचा पदर उडतोय. मी गाडी कडेला लावून धावत गेलो. गुडघा अडकला होता, उठता येत नव्हतं. किती वेळ बसलीस विचारलं तर म्हणाली, “लई न्हाई.” मी घागर उचलली, तिला हाताला धरून पलीकडं नेलं. घागर खांद्यावर घेऊन वस्तीपर्यंत चढ चढताना माझा श्वास फुलला. ती मागून लंगडत येत होती आणि माझीच समजूत घालत होती. “तुमी तरी काय करनार गुर्जी. पानी नशिबात असावं लागतंय.”

नशिबात. जन्मभर ज्या शब्दावर मी चिडत आलो, तो शब्द ती मला सोडवायला वापरत होती. मला तिथंच सांगून टाकायचं होतं की मावशी, नशीब नाही, एक परिच्छेद होता. पण मी नुसती घागर रांजणाजवळ ठेवली आणि परत आलो.

त्याच आठवड्यात सदस्यबाई घरी आली. दुसऱ्या बोअरसाठी अर्ज करायचा म्हणून तिनं ग्रामसेवकाकडून जुनी कागदपत्रं काढली होती. तिनं पत्राची झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली आणि दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

“सर, हे तुम्ही वाचलं होतं?”

नाही म्हणता आलं असतं. चष्मा नव्हता, पान उलटं होतं, काहीही. मी म्हणालो, “वाचलं होतं.”

तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं नुसतं पत्र घडी करून पिशवीत घातलं. “मी घरी भांडणं झाली की अजून करते सर,” ती म्हणाली. “सासूबाईंचं आधी सांगते, मग माझं. त्यांना वाटतं मी लई गुणाची.” मग पिशवी खांद्याला लावत ती म्हणाली, “आबांचं काय म्हणणं होतं ते अजून कुणालाच माहीत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेलो. आबा करंजाखाली होते. मी शेजारी बसलो आणि विचारलं, “आबा, त्या दिवशी मेंढरांचं काय सांगत होता?”

त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं. मी पुन्हा काही चेष्टा करतोय का, याचा अंदाज घेत असावेत. मग हळूहळू सांगायला लागले. चैत्रात ऊन तापलं की मेंढरं सावली सोडून त्या वळणाला जाऊन बसतात, कारण तिथली भुई गार लागते. खुरानं उकरतात. बाकी माळ जळून जातो तरी तिथं लव्हाळा हिरवा राहतो. त्यांच्या वडिलांच्या काळात तिथं झिरा होता, हातभर खोल खड्डा, वाटीनं पाणी उपसायचं. पुढं एका पुरात तो दगडगोट्यांनी बुजला, तोवर हापसा आला होता, म्हणून कुणी परत उकरला नाही.

मी सगळं ऐकलं. मग म्हणालो, “म्हणजे तुमचं म्हणणं असं, की उन्हाळ्यात तिथली जमीन गार असते, मेंढरं तिथं बसतात, लव्हाळा वाळत नाही, आणि पूर्वी तिथं झिरा होता. असंच ना?”

“व्हय,” आबा म्हणाले. “असंच.”

इतकी साधी गोष्ट. दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती. माझे डोळे भरून आले आणि त्याचीही मला चीड आली. चिडूनच मी विचारलं, “मग आबा, हे सगळं माहीत असताना नारळ कशाला नाचवता? सरळ सांगायचं.”

आबा हसले नाहीत. काठीनं मातीत रेघ ओढत म्हणाले, “सरळ सांगितलं तर कोन आयकतंय? मेंढक्याचं कोन आयकतंय? नारळाबिगर ते आयकत न्हाईत, नारळासंगं तुमी आयकत न्हाई. मंग म्या बोलावं कुनासंगं?”

त्याच संध्याकाळी मी सदस्यबाईकडून पत्राची झेरॉक्स मागून आणली.

चैत्रात पुन्हा ग्रामसभा झाली. मी उभा राहून दुसरा परिच्छेद वाचला आणि तो मागच्या वेळी मुद्दाम वाचला नव्हता हेही सांगितलं. आबांचं म्हणणं जसंच्या तसं मांडलं. मला वाटलं होतं की आता तरी लोक ओलीबद्दल, मुरमाबद्दल, झिऱ्याबद्दल बोलतील. लोक काही विचारतील म्हणून मी घरून तयारी करून गेलो होतो. कुणी काही विचारलं नाही. आमच्यातला एकजण उठून म्हणाला की गुरुजींनी वयानुसार बाजू बदलली. देवळाकडून जयघोष सुरू झाला. कुणीतरी हलगी आणलीच होती. त्यांनी आबांना खांद्यावर घेतलं, गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला आणि फोन वर धरले. आबा वरून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. “मेंढरं” एवढा एक शब्द ऐकू आला. मग हलगीच्या आवाजात तोही बुडाला.

दुसरी बोअर मिळाली नाही. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर आलं. ओढ्याच्या जागी बोअर मारली असती तर पाणी लागलं असतं का, हे मला आजही माहीत नाही. कदाचित तीही कोरडी गेली असती. पण वस्तीला ते विचारून ठरवायचा हक्क होता. तो मी दुमडून खिशात ठेवला होता, आणि ते मला अजून खातं.

शेवटी सदस्यबाई, मी, आबा आणि वस्तीवरची चारपाच माणसं, अशांनी मिळून वळणाला खणायला सुरुवात केली. गोटे काढले, मुरूम उपसला. तिसऱ्या दिवशी कमरेइतकं खाली गेल्यावर माती काळी लागली आणि तळाशी ओल धरली. सकाळपर्यंत वीतभर पाणी साचलं. फार नव्हतं. एक घागर भरायला तासभर लागायचा. पण त्यासाठी हायवे ओलांडावा लागत नव्हता.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. नऊ वाजेपर्यंत देवळाकडची पोरं भगवी पताका आणि हळदकुंकू घेऊन आली. त्यांच्यामागोमाग आमची माणसं आली. त्यांना तिथं फलक लावायचा होता. हे पाणी सरकारी सर्वेक्षणाच्या पत्रातल्या जागी लागलं आहे, असा मजकूर तयार होता. दोन्हीकडून आवाज चढले. पताका काठावर रोवायची की फलक, यावरून धक्काबुक्की व्हायची वेळ आली. दोघांनाही मी हवा होतो, दोघंही मला साक्षीला ओढत होते. आणि माझं नेहमीचं झालं. मी खड्ड्याच्या काठावर उभा राहून, हातवारे करत, चढ्या आवाजात दोघांनाही समजावायला लागलो की कुणाचंही म्हणणं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय बोलायचं नसतं. भाषणच सुरू झालं.

खाली खड्ड्यात मावशी पाय लांब करून बसली होती आणि वाटीनं एकेक घोट पाणी घागरीत सोडत होती. तिनं मान वर केली.

“गुर्जी,” ती म्हणाली, “जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडलीया, तळ दिसंना.”

मी गप्प झालो आणि बाजूला सरकलो.